भांगातली रेघ आणि थंडीतले रंग : वाचक भगिनींचे प्रश्न

दसरा झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळ्यात घाम आणि कोंड्याविषयी विचारणाऱ्या भगिनी दिवाळी, तुळशीचे लग्न आणि त्यामागोमाग येणारी लग्नसराई दिसू लागताच केसांच्या रंगाविषयी विचारतात. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांची पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. पाचही पत्रांत भांगातल्या पांढऱ्या रेघेचा उल्लेख आहे.

प्रश्न : माझे वय 46 असून नाशिकजवळच्या एका शाळेत मी शिकवते. गेली आठ वर्षे दर तीन आठवड्यांनी काळा कलप लावते. हल्ली फोटोंत माझा चेहरा ओढलेला दिसतो. डिसेंबरात भाचीचे लग्न आहे. तपकिरी रंग शोभेल का, आणि तो कसा निवडावा?

उत्तर : आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. वय वाढते तशी त्वचेची झळाळी थोडी उतरते, आणि तिच्याभोवती ठार काळ्या केसांची चौकट आली की डोळ्यांखालची वर्तुळे व ओठांच्या कडेच्या रेषा आहेत त्यापेक्षा अधिक उठून दिसतात. शिवाय आपल्याकडचे बहुतेकांचे जन्मजात केस ठार काळे नसतातच. कानामागची, कलप न पोहोचलेली एखादी बट सकाळच्या उजेडात खिडकीशी धरून पाहा. तिच्या कडेला गडद तपकिरी छटा चमकताना दिसेल. आपला मूळ रंग तो आहे, आणि चाळिशीनंतर त्याहून एक किंवा फार तर दोन पायऱ्या उजळ रंग घ्यावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ एकदा समजून घेतला की दुकानात गोंधळ होत नाही. पहिला आकडा गडदपणा सांगतो : 1 म्हणजे काळा, 3 म्हणजे गडद तपकिरी, 4 मध्यम तपकिरी, 5 फिकट तपकिरी. टिंबानंतरचा आकडा छटा सांगतो; बऱ्याच कंपन्यांत 3 म्हणजे सोनेरी, 4 तांबूस आणि 5 महोगनी, म्हणजे लालसर तपकिरी, मात्र प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असल्याने तो पाहूनच घ्यावे. गव्हाळ वर्णाला 4.3 सारखा मधाच्या छटेचा तपकिरी आणि सावळ्या वर्णाला 4.5 सारखा महोगनी थंडीच्या दिवसांत फार खुलतो, कारण या दिवसांतले गडद रेशमी काठ, मखमल आणि शाली यांच्याशी तो जुळतो. राखाडी झाक असलेले तपकिरी रंग सावळ्या चेहऱ्यावर मला तरी निस्तेज वाटतात. पांढऱ्या केसांवर मात्र नुसती सोनेरी किंवा लालसर छटा लावली तर ती भडक चढते. म्हणून तिच्यात त्याच क्रमांकाचा साधा तपकिरी, म्हणजे 4.0, निम्म्याने मिसळायला सांगावे.

आता अडचणीची गोष्ट. आधी लावलेल्या काळ्या कलपावर फिकट रंग लावून केस फिके होत नाहीत. नुसत्या मुळांना तपकिरी लावला तर वर उजळ आणि खाली काळा असा पट्टा दिसेल. म्हणून आजपासून लांबीला काळा कलप लावणे थांबवावे, मुळांना आधी 3 आणि पुढच्या खेपेस 4 क्रमांक लावावा, टोके दोन-तीन इंच कापावीत आणि चेहऱ्यालगतच्या बारीक बटांमधला जुना काळा रंग अनुभवी हातांकडून उतरवून घ्यावा. सगळ्या केसांचा काळा रंग एका बैठकीत उतरवायचा आग्रह धरू नये. केसांची चिपाडे होतात. लग्नाआधी आठ-दहा दिवस शेवटचा रंग लावावा, म्हणजे कपाळावरचे डाग जातात आणि दोन धुण्यांनंतर रंग मऊ दिसू लागतो.

प्रश्न : नागपूरला राहते, वय 52. केसांना फक्त मेंदी लावते. पांढरे केस वाढल्यापासून भांग आणि कानशिले नारिंगी दिसतात. रासायनिक रंग नको आहे. तपकिरी रंग येईल का?

उत्तर : येईल, आणि फार सुंदर येईल. मेंदीतले रंगद्रव्य केसांतल्या केराटिन या प्रथिनाला चिकटते. काळ्या केसांवर ते नुसती लाली देते, पण पांढऱ्या केसावर त्याचा खरा नारिंगी रंग उघडा पडतो. त्याला तपकिरीकडे वळवण्याचे काम निळीचे आहे. ही कपड्यांची नीळ नव्हे, नीळ या झाडाच्या पानांची पूड. बाजारात ती इंडिगो पावडर म्हणून मिळते. पाकिटावर पानांच्या पुडीशिवाय दुसरा घटक नाही ना, हे वाचून घ्यावे.

मेंदी आणि नीळ यांचे स्वभाव उलटे आहेत. मेंदीला भिजायला वेळ लागतो, नीळ मात्र भिजवल्यापासून पाऊण तासात वापरावी लागते. म्हणून मेंदी रात्री चहाच्या कोमट पाण्यात, हवी तर लोखंडी कढईत, भिजवावी. नागपूरच्या थंडीत ओट्यावर ठेवलेली मेंदी सकाळपर्यंत नीट रंग सोडत नाही. भांडे टॉवेलात गुंडाळून उबदार जागी ठेवावे. मेंदीचा एक थेंब तळहातावर पाच मिनिटे ठेवून पुसला असता केशरी डाग राहिला, तर ती तयार झाली असे समजावे. मग निळीची पूड कोमट पाण्यात चिमूटभर मिठासह कालवून पंधरा मिनिटे ठेवावी. तिच्यात दही किंवा लिंबू घालू नये, आंबटपणाने तिचा रंग नीट चढत नाही. दोन्ही समभाग मिसळले तर मध्यम तपकिरी, नीळ दुप्पट घेतली तर गडद तपकिरी रंग मिळतो. लेप लावल्यावर डोक्याला प्लॅस्टिकची टोपी आणि वर लोकरीचा स्कार्फ बांधून दोन ते तीन तास बसावे. दुपारी उन्हात बसलात तर सर्दीचेही भय नाही आणि रंगही लवकर चढतो.

धुतल्यावर पांढऱ्या केसांवर हिरवट झाक दिसली तर घाबरू नये. नीळ हवेतल्या प्राणवायूने हळूहळू गडद होते आणि खरा रंग दोन दिवसांनी दिसतो. तोवर शाम्पू लावू नये. मेंदी न मिसळता नुसती नीळ पांढऱ्या केसांवर कधीच लावू नये, ती निळसर हिरवी चढते. आणि पुढे कधी पार्लरमध्ये केस उजळायचे ठरवले तर नीळ लावली असल्याचे तिथे आवर्जून सांगावे, कारण निळीवर ब्लीच केल्यास केस हिरवे होऊ शकतात.

प्रश्न : कोल्हापूरच्या बाजारातून आणलेली काळी मेंदी लावल्यावर माझ्या डोक्याला खाज सुटली आणि दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या. वय 43. आता अमोनिया नसलेला रंग चालेल का?

उत्तर : कृपा करून सध्या कोणताही रंग लावू नका आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, जाताना ते पाकीट बरोबर न्या. मेंदी काळी नसते. अशा पुडीत बहुतेक वेळा पॅराफेनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी, हे काळ्या कलपातलेच रसायन असते, आणि आपण सांगितलेली लक्षणे त्याच्या ॲलर्जीशी जुळतात. अमोनिया नसणे आणि पीपीडी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमोनियाविरहित रंगांतही ते किंवा त्याचे भाऊबंद असू शकतात. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते आणि पुढच्या खेपेस अधिक जोराने उसळू शकते. सूज चेहऱ्यावर पसरली किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठावे. इतर सर्व वाचकांनीही नवा रंग आणल्यावर तो कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 48 तास वाट पाहावी. खोक्यात हीच सूचना छापलेली असते आणि नेमकी तीच कोणी वाचत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : न्यू जर्सीत राहते, वय 48. इथे ऑक्टोबरमध्ये मेपलची झाडे लाल-तांबूस होतात आणि दरवर्षी तसा रंग केसांना लावावासा वाटतो. सावळ्या वर्णाला तो विचित्र दिसेल का?

उत्तर : मुळीच विचित्र दिसणार नाही, जरूर लावा. फक्त तो रंग डोक्यावर सरसकट नको. मूळचा गडद तपकिरी तसाच ठेवून, हनुवटीच्या खालच्या लांबीत तांबूस छटा ब्रशने हलक्या फटकाऱ्यांनी उतरवून घ्यावी. बालायाज म्हणतात ती हीच पद्धत. मुळे मोकळी राहिल्याने केस वाढले तरी रेघ दिसत नाही. भांगातले पांढरे केस त्याच तपकिरीने झाकावेत. तांबूस आणि लाल छटा सर्वांत लवकर उतरतात, त्यामुळे केस कोमट पाण्याने आणि आठवड्यातून दोनदाच धुवावेत. घरातल्या हीटिंगमुळे तिथली हवा कोरडी असते, म्हणून धुण्याच्या आदल्या रात्री टोकांना खोबरेल लावावे.

प्रश्न : पुण्याची आहे, वय 58, नुकतीच बँकेतून निवृत्त झाले. पाऊण डोके पांढरे आहे. कलप सोडून द्यायचा आहे, पण मधला काळ कसा काढायचा?

उत्तर : आपला निर्णय मला फार आवडला, आणि हिवाळा त्यासाठी चांगला मुहूर्त आहे, कारण या दिवसांत डोक्याला स्कार्फ किंवा शाल सहज शोभते. केस महिन्याला एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. खांद्यापर्यंतचे, 30 सेंटीमीटर लांबीचे केस मुळापासून पूर्ण पांढरे व्हायला दोन वर्षे किंवा अधिक लागतील; दर दोन-तीन महिन्यांनी थोडे कापत गेलात तर हा काळ बराच कमी होईल. मधल्या काळात भांग सरळ न काढता थोडा नागमोडी काढावा, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची सीमारेषा तुटते. फारच खटकली तर पेरॉक्साइड (रंग पक्का करणारे रसायन) नसलेला, सहा ते बारा धुण्यांत उतरणारा फिकट तपकिरी रंग त्या रेघेपुरता लावावा.

पांढरे केस पिवळे पडू नयेत यासाठी रंगीत सुगंधी तेले बंद करावीत, बोअरिंगच्या पाण्याने केस धुतल्यास शेवटचा तांब्या गाळलेल्या पाण्याचा घ्यावा आणि पंधरा दिवसांतून एकदा जांभळा शाम्पू दोन-तीन मिनिटे ठेवून धुवावा. कपाटातल्या डाळिंबी, मोरपंखी आणि अंजिरी साड्या आता बाहेर काढा. चंदेरी केसांवर त्या जशा उठतात तशा काळ्या कलपावर कधीच उठत नव्हत्या. नोव्हेंबरात सुरुवात केलीत तर गुढीपाडव्यापर्यंत पाच-सहा सेंटीमीटर पांढरे केस आलेले असतील. तेवढी लांबी आखूड कटला पुरते. तो करायचा की आणखी वाढू द्यायचे, हे तेव्हा आरशासमोर बसून ठरवा.