एकाच संगणकावर दोन-तीन पायथन

प्रश्न : विंडोजवर पायथन ३.११ होतं, नव्या कामासाठी ३.१३ही बसवलं. आता पिपने पॅकेज बसवलं की ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ असं दिसतं, पण प्रोग्रॅम चालवला की ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. जुनं पायथन काढून टाकू का?

उत्तर : काढू नका. ३.११ आणि ३.१३ वेगवेगळ्या फोल्डरांत बसतात आणि एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. घोळ पाथमुळे, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीमुळे, झाला आहे. तुम्ही नुसतं ‘पायथन’ टाइप केलंत की विंडोज पाथमधली फोल्डरं क्रमाने धुंडाळतं आणि त्या नावाची जी फाइल आधी सापडेल ती चालवतं. पिप मात्र ‘स्क्रिप्ट्स’ या वेगळ्या फोल्डरात असतो, त्याचा शोध स्वतंत्रपणे होतो. म्हणून पॅकेज गेलं एका आवृत्तीत आणि प्रोग्रॅम चालला दुसरीत.

खात्री करून घ्या. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर.ईएक्सई पायथन’ द्या. (‘.ईएक्सई’ गाळू नका, पॉवरशेलमध्ये नुसत्या ‘व्हेअर’चा अर्थ वेगळा आहे.) यादीत सर्वांत वर जो पत्ता असेल, तेच पायथन चालतं. तिथे ‘विंडोजॲप्स’ फोल्डर दिसलं, तर ती बहुधा मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे नेणारी फाइल असते. सेटिंग्जमधल्या ‘ॲप एक्झिक्युशन एलिअसेस’मध्ये जाऊन ती बंद करा. मग ‘पिप --व्हर्जन’ द्या. त्या ओळीच्या शेवटी कंसात पिप कोणत्या पायथनचा आहे ते लिहिलेलं असतं. दोन आकडे जुळले नाहीत की दुखणं सापडलं.

पाथमधल्या ओळी वरखाली करून हे सुटेल, पण पुढच्या इन्स्टॉलेशनला पुन्हा बिघडेल. त्यापेक्षा आवृत्तीचं नाव घेऊनच हाक मारायची सवय लावा. विंडोजवर त्यासाठी ‘पाय’ हा लाँचर आहे. ‘पाय -०पी’ दिलं की बसवलेल्या सगळ्या आवृत्त्या पत्त्यांसह दिसतात; जिच्यापाशी तारा आहे ती नुसत्या ‘पाय’ला मिळते. ‘पाय -३.११’ म्हटलं की ३.११च येणार, पाथ कसाही असो. पिपही असाच चालवा : ‘पाय -३.११ -एम पिप इन्स्टॉल’ आणि पुढे पॅकेजचं नाव.

याहून पक्का उपाय म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टचं पायथन आणि पॅकेजं वेगळी ठेवणारं फोल्डर. प्रोजेक्टच्या फोल्डरात ‘पाय -३.११ -एम व्हीएन्व्ह .व्हीएन्व्ह’ द्या आणि मग ‘.व्हीएन्व्ह\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट’. पॉवरशेलने ‘स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही’ म्हणून अडवलं तर ॲक्टिव्हेट केल्यावाचून काही अडत नाही, ‘.व्हीएन्व्ह\स्क्रिप्ट्स\पायथन’ थेट चालवा, परिणाम तोच.

प्रश्न : ३.११वर केलेलं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ३.१३वर कसं न्यावं? फोल्डर कॉपी करून चालेल?

उत्तर : नाही. त्या फोल्डरातली ‘पायव्हीएन्व्ह.सीएफजी’ ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. ‘होम’ या ओळीत मूळ पायथनचा पूर्ण पत्ता असतो. तो हाताने बदलण्याचा मोह होतो, पण नमपायसारख्या पॅकेजांतल्या कंपाइल केलेल्या फाइली ३.११साठीच बनलेल्या असतात. त्यांच्या नावातच ‘सीपी३११’ दिसेल. ३.१३ त्या उचलणार नाही. जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘पिप फ्रीझ’ने यादी काढा, फोल्डर पुसा, ३.१३ने नवं करा आणि यादीवरून पॅकेजं बसवा. एखादं जुनं पॅकेज ‘डिस्टयुटिल्स’ नाही म्हणून अडलं तर नवल नाही : ते मॉड्यूल ३.१२पासून पायथनमधून काढलेलं आहे. अशा पॅकेजची नवी आवृत्ती शोधा.

प्रश्न : उबंटू २२.०४वर ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने ‘पायथन३’ हे नाव ३.१२कडे वळवलं. तेव्हापासून टर्मिनल उघडतच नाही.

उत्तर : हे तातडीने उलटवा. २२.०४चं स्वतःचं पायथन ३.१० आहे आणि सिस्टिमची बरीच साधनं त्याच्यावर उभी आहेत. टर्मिनल सुरू करणारी फाइलसुद्धा पायथनमध्येच लिहिलेली आहे. तिला लागणारं ‘जीआय’ मॉड्यूल ३.१०साठी कंपाइल केलेलं असल्याने ३.१२ला ते वापरता येत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून मजकुरी कन्सोलवर लॉगिन करा. आधी ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --रिमूव्ह-ऑल पायथन३’, मग ‘सुडो एलएन -एसएफ /यूएसआर/बिन/पायथन३.१० /यूएसआर/बिन/पायथन३’. टर्मिनल परत येईल.

सिस्टिमच्या पायथनला हात लावू नये, हा लिनक्सवरचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. दुसरी आवृत्ती हवी तर ती शेजारी बसवा आणि ‘पायथन३.१२’ असं पूर्ण नाव घेऊन तिच्यातून एन्व्हायर्नमेंट करा. आवृत्त्या सतत बदलाव्या लागत असतील तर पायएन्व्ह हे आवृत्त्या सांभाळणारं साधन घ्या. ते सगळं तुमच्या होम फोल्डरात ठेवतं आणि प्रोजेक्टमधल्या ‘.पायथन-व्हर्जन’ फाइलवरून आवृत्ती ठरवतं. फक्त ते पायथन सोर्समधून कंपाइल करतं, म्हणून ‘लिबएसएसएल-डेव्ह’, ‘लिबएफएफआय-डेव्ह’, ‘झेडलिब१जी-डेव्ह’ आणि ‘लिबएसक्यूलाइट३-डेव्ह’ ही पॅकेजं आधीच बसवून ठेवा. यातलं पहिलं राहिलं तर पायएन्व्ह एसएसएलबद्दल एरर देऊन थांबतं, आणि ती आवृत्ती बसतच नाही. तेव्हा लायब्ररी बसवून ती आवृत्ती पुन्हा कंपाइल करावी लागते.