कोरोनाच्या काळात खेड्यातल्या बायकांनी दवाखाना का टाळला?

तुम्ही विचारलंय, बायका संसर्गाच्या भीतीनंच दवाखान्यात गेल्या नाहीत का? भीती होतीच. पण माझ्या आईनं आठ महिने दुखणं अंगावर काढलं, त्याचं कारण वेगळं होतं.

आमचं गाव अंबाजोगाईजवळ, बीड जिल्ह्यात. मी लातूरला असते. आमच्याकडं बाई नुसत्या दवाखान्यासाठी घराबाहेर पडत नाही. बाजाराला गेली की जाता जाता डॉक्टरला दाखवते, माहेरी गेली की भावजयीला सोबत घेते. मार्च २०२० मध्ये बाजार बंद, एसटी बंद, माहेरही बंद. दवाखाना उघडा होता, पण तिथं जायचं निमित्तच उरलं नाही.

आईला लाल दिसलं ते २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी. लॉकडाऊनचाही तो पहिलाच दिवस. तिची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. जुन्या लुगड्याच्या घड्या करून तिनं वापरल्या आणि धुवून गोठ्यात, कडब्याच्या गंजीआड वाळत घातल्या. घरात कुणाला पत्ता नाही. मी रोज फोन करायचे. फोन दादांचा, म्हणजे वडिलांचा, तोही स्पीकरवर. "मी बरी हाय, लेकरांना जप," एवढंच ती बोलायची. त्याच सुमारास सरकारनं ई-संजीवनी सुरू केली, घरबसल्या डॉक्टरशी बोलायची सोय. पण नवऱ्याच्या हातातल्या फोनवर अंगावरून जातंय हे कोणती बाई सांगेल?

जूनमध्ये पेरणी आली. तोवर बाहेरून आलेल्यांना चौदा दिवस शाळेत ठेवलेलं तिनं पाहिलं होतं. आपला स्वॅब घेतला आणि सगळं घर कोंडलं गेलं, तर रान पडीक राहील, हा तिचा हिशोब. त्यात पिशवीची, म्हणजे गर्भाशय काढून टाकतील याची धास्ती. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायकांच्या इतक्या पिशव्या काढल्या गेल्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. डॉक्टरकडं गेलं की पिशवी काढायलाच सांगतात, हे आईच्या डोक्यात घट्ट बसलेलं.

भाऊबीजेला गेले तेव्हा गोठ्यात त्या घड्या दिसल्या. विचारलं तर म्हणाली, "सांगून काय करणार होतीस? हद्दीवर पोलिस उभे होते." मी म्हणाले, "आई, ऑगस्टात एसटी सुरू झाली होती." ती म्हणाली, "तवर सोयाबीन काढायला आलं की." मला रागच आला. नंतर कळलं, राग तिच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. रोजच्या त्या फोनवर मी तरी एकदा स्पीकर बंद करायला सांगितलं होतं का?

तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. सुदैवानं बाहेर पसरला नव्हता. औरंगाबादला ऑपरेशन झालं, आज ती बरी आहे. पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी लगेच दाखवायला हवं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या घरी आई, सासू, काकू असेल तर तिला एकटीला गाठून सरळ विचारा. आपणहून ती सांगणार नाही.

आई अजूनही तपासणीला जाते ती बाजाराच्याच दिवशी. येताना पिशवीत खाली केस पेपर असतो आणि वर मेथीची जुडी.