आजोबा पलटणीत होते, पण लढाईबद्दल कधी बोलले नाहीत. उत्तरकार्याला त्यांच्याविषयी काय सांगू?

तुमचा प्रश्न वाचला. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले, भरपूर वय होऊन गेले, घरात लढाईचा विषय काढत नसत, आणि आता बाराव्याला सगळ्या भावकीसमोर तुम्हाला दोन शब्द बोलायचे आहेत. आमचा आज्जाही असाच. बेळगावच्या पश्चिमेकडचं भाताचं गाव, पलटणीचं नाव 'जंगी'. तो गेला तेव्हा बोलायचं माझ्यावर आलं होतं, म्हणून लिहितो.

आधी त्यांची ट्रंक उघडा. न बोलणाऱ्या माणसाची नोकरी मेडलांवरून बरीचशी कळते. 'पूर्वी स्टार' असेल तर 1971 साली ते बांगलादेशाच्या आघाडीवर होते, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिमेच्या. 'समर सेवा स्टार' 1965 च्या लढाईचा. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर पट्टी असते, तिच्यावर जम्मू-काश्मीर, नेफा (आजचं अरुणाचल), हिमालय असा मुलूख लिहिलेला असतो. डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख आणि पलटण सापडेल.

कागद बघताना जिल्ह्याच्या पुढं राज्य कोणतं लिहिलंय तेही बघा. आमचा आज्जा जन्मला तेव्हा गाव मुंबई इलाख्यात होतं. 1956 ला ते म्हैसूर राज्यात गेलं, चीनच्या लढाईनंतर जी मोठी भरती झाली तीत तो लागला तो म्हैसूर राज्याचा रहिवासी म्हणून, आणि 1973 ला राज्याचं नाव कर्नाटक झाल्यावर पेन्शनीत आला. घर मात्र तेच, पुढचा सोपा (पडवी) तोच. हे मी बोललो तेव्हा बसलेली सगळी म्हातारी माणसं मान हलवत होती, कारण ते त्यांचंही आयुष्य होतं.

आज्जाच्या पेटीत पूर्वी स्टार होता. जंगी पलटण म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, 1768 साली उभी राहिलेली. डिसेंबर 1971 मध्ये ती ब्रह्मपुत्रा ओलांडून बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला गेली आणि ढाक्याकडं जाणारा रस्ता अडवून बसली. कमान कर्नल ब्रार यांची. जमालपुरात पाकिस्तानची 31 बलुच ही पलटण होती. आपल्या बाजूच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र धाडलं, तर तिथल्या कर्नल सुलतान अहमद यांनी नकाराच्या उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. 10 डिसेंबरच्या रात्री बलुच पलटणीचे लोक वेढा फोडून निघाले आणि मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळले. 11 ला जमालपूर पडलं.

हे सगळं मी वाचून जमवलं. आज्जानं स्वतः सांगितलं ते एवढंच: "भात कापून झाल्यालं शिवार होतं गा, आपल्या तळ्याखालच्या शेतागत." आणि उजाडल्यावर त्या शिवारात जे पडलेले दिसले त्यांच्याविषयी, "पोरंच होती ती. तुझ्याएवढी." मी तेव्हा कॉलेजात होतो. त्यापुढं तो उठून गोठ्याकडं गेला. तुमच्या आजोबांनीही असं एखादं वाक्य कधीतरी, कुणाजवळ तरी टाकलेलं असणार. आत्याला विचारा, धाकट्या चुलत्यांना विचारा. मिळालं तर जसंच्या तसं सांगा, त्याला काही चिकटवू नका. 'छातीचा कोट केला', 'रक्ताचं पाणी केलं' ही वाक्यं त्यांना न ओळखणारा माणूसही बोलू शकतो.

आणि आज्जी असतील तर आज रात्रीच त्यांच्याजवळ बसा. पलटणीतल्या माणसाचं निम्मं आयुष्य त्याच्या माघारी घरात घडलेलं असतं, ते त्यांच्याकडं आहे. आमच्या आज्जीला अक्षरओळख नव्हती. पत्र यायचं, त्यावर पत्ता फक्त 99 एपीओ (लष्कराचं टपाल ऑफिस), म्हणजे नवरा नेमका कुठं आहे ते तिला कधीच कळायचं नाही. ते पत्र गुरुजी सोप्यात बसून मोठ्यानं वाचणार आणि ऐकायला सासू, जावा, शेजारीण. अशा पत्रात नवरा बायकोला काय लिहिणार? पेरणी झाली काय, म्हस व्याली काय, थोरल्याला शाळेत घातलं काय. उत्तर लिहायलाही परत गुरुजीच. रोहिणीत धूळवाफ पेरणीला बैलजोडी मिळवायची, पैऱ्यानं (एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबून) माणसं जमवायची, मनीऑर्डर आली की सोसायटीचं कर्ज भागवायचं, नणंदेचं लग्न उरकायचं, हे सगळं तिनं केलं. जमालपूरच्या त्या दिवसांत आमच्याकडं मळण्या चालू होत्या. रेडिओवर लढाईच्या बातम्या लागलेल्या आणि ती खळ्यावर भात वारवत होती. तारीख तिला सांगता आली नाही, पण कोणत्या शेताची मळणी होती ते तिनं अचूक सांगितलं.

पेन्शनीनंतरची वर्षं पलटणीतल्या वर्षांच्या दुपटीहून जास्त असतात, आणि श्रद्धांजलीत नेमकी तीच राहून जातात. आज्जानं बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याच्या गेटवर नोकरी केली, सायकलनं जाऊन येऊन. पहाटे गावातली पोरं रस्त्यावर पळवायची हा त्याचा नेम होता. सोळाशे मीटर पळून आलेल्या पोराची छाती तो टेपनं मोजायचा, फुगवल्यावर पाच सेंटिमीटर वाढते का बघायचा. गुडघे एकमेकांना लागतात का, दात किती, दाखल्यावरची जन्मतारीख बरोबर आहे का, सगळं आधीच तपासायचा, म्हणजे पोरगं भरतीच्या सेंटरच्या दारातनं माघारी यायला नको. त्यातले काही आज स्वतः पेन्शनीत आलेत. आज्जाच्या मातीला ते युनिफॉर्मची टोपी घालून आले होते. तुमच्या गावातही असे कुणी असतील, त्यांनाही दोन मिनिटं बोलू द्या. बोलताना आज्जींचं नाव घ्यायला विसरू नका. आमच्याकडं बायकांचं नाव अशा वेळी कुणी घेत नाही. मी घेतलं. काहींना ते आवडलं नाही, मला आजही ते बरोबरच वाटतं.

एक कामाची गोष्ट. आज्जींच्या फॅमिली पेन्शनसाठी मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शनचा हुकूम), डिस्चार्ज बुक आणि आधार एकत्र काढून ठेवा. आपल्या भागात रेशन कार्ड कन्नडात, डिस्चार्ज बुक इंग्रजीत, त्यामुळं आडनाव आणि आज्जींचं माहेरचं-सासरचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं निघतं. नाव जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा. बारावं झालं की लगेच सुरुवात करा, कारण हे काम होईपर्यंत आज्जींच्या हातात पैसा येणार नाही.