लाइन म्हणजे रेषा नव्हे, दोरी

‘मरीन लाइन्स, बॉलरची लाइन, पेपरची लाइन, हेल्पलाइन. या सगळ्यांना मराठीत रेषा म्हटलं तर चालेल का?’ असं एका वाचकाने विचारलंय.

नाही चालणार! परवाच एका सोसायटीच्या फलकावर ‘मदतरेषा’ वाचलं आणि मदत मागायची इच्छाच गेली. बॉलरची लाइन म्हणजे दिशा, लेंग्थ म्हणजे टप्पा. समालोचक हे वर्षानुवर्षं बोलत आलेत. पाण्याच्या पाइपलाइनला जलवाहिनी आहे. तिकीट खिडकीपुढे असते ती रांग. पहाटे पोरगा टाकतो ती पेपरची लाइन, तिला लाइनच राहू द्या. नियंत्रण रेषा तेवढी खरी रेषा, कारण ती नकाशावर आखलेली आहे.

आता खरी गंमत. इंग्रजी लाइनच्या मुळाशी लॅटिन ‘लिनेआ’ आहे, म्हणजे धागा, आणि तोही ‘लिनुम’चा. लिनुम म्हणजे जवस! ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच. जवसाच्या खोडातल्या धाग्याचं कापड ते लिनन. कोटाला आतून लिननचं अस्तर लावायचे, म्हणून ते लायनिंग. म्हणजे आधी दोरी, मग रेघ. पटत नसेल तर गिरगावात एखाद्या जुन्या चाळीची दुरुस्ती चालू असेल तिथे दहा मिनिटं उभे राहा. काव फासलेली दोरी दोघं दोन टोकांना ताणून धरतात, एक जण मधे चिमटीत उचलून फटकन सोडतो. भिंतीवर तांबडी रेघ. झाली लाइन!

आणि विटांच्या थरासाठी गवंडी जी दोरी ताणतो तिला म्हणतो लाइनदोरी. शुद्धलेखनवाले हिला द्विरुक्ती म्हणून नाक मुरडतात. मुरडू देत. पावरोटीत पोर्तुगीज ‘पांव’ आणि आपली रोटी शेजारी बसतात, तशी इथे जवसाच्या दोरीला आपल्या दोरीची गाठ बसलीय. माझ्या मते मुंबईतला सगळ्यात सुंदर जोडशब्द हाच. आपला सुतार तरी कोण? सूत्रधार, म्हणजे सूत धरणारा. (काही जण सूत्रकार म्हणतात. म्हणोत, सूत सुटत नाही.)

‘लाइन ही आपल्या लेखेवरूनच गेली’ (संस्कृतात लेखा म्हणजे रेघ) असं ठासून सांगणारे एक निवृत्त प्राध्यापक मला दर दिवाळीला भेटतात. ‘ल’ला ‘ल’ जुळला की व्युत्पत्ती होत असती, तर लाडूसुद्धा लाइनीतलाच ठरला असता. ओळंबासुद्धा ते ओळीतून काढतात. ओळ आली आवलीवरून, ओळंबा अवलंबावरून. ओळंबा खाली लोंबतो एवढं तर डोळ्यांनी दिसतं ना?

हां, मरीन लाइन्स राहिलंच. तिथली लाइन ना समुद्राची, ना रुळांची. फौजेच्या रांगेतल्या बराकींना इंग्रज ‘लाइन्स’ म्हणत. तिथे मरीन बटालियनच्या लाइन्स होत्या. पोलीस लाइन म्हणतो, त्यातलीच ही.