जुन्या टोपोशीटवर 'घाट' आहे, रस्ता नाही. मग खिंड म्हणावं का?

नौपाड्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: 'ट्रेकसाठी आम्ही मुरबाड-जुन्नर भागाच्या जुन्या, एक इंचाला एक मैल मापाच्या टोपोशीटचं (डोंगर-वाटा दाखवणाऱ्या सर्वेक्षण नकाशाचं) मराठी टिपण करतोय. त्यात जागोजागी घाट लिहिलाय, पण रस्ता नाही. नुसती तुटक रेषा आणि भोवती जंगल. अशा ठिकाणी खिंड लिहावं का?'

नाही, घाटच लिहा. कसारा-खंडाळ्याची वळणं पाहत आपण मोठे झालो, म्हणून घाट म्हटलं की डांबर आणि कठडे आठवतात. सह्याद्रीत घाट म्हणजे मुळात कोकणातून देशावर चढायची वाट. नाणेघाटच घ्या. खाली मुरबाडकडचं वैशाखरे, वर जुन्नरचा घाटमाथा, मध्ये दगडी पायऱ्यांची अरुंद घळ आणि माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख. त्या पायऱ्यांवर गाडी कधीच चढली नाही, तरी दोन हजार वर्षांपासून तो वाहता घाट आहे. शेजारचा दाऱ्या घाटही पायवाटेचाच.

खिंड म्हणजे दोन डोंगरांमधली खोलगट जागा. एका अंगाने चढायचं, दुसऱ्या अंगाने उतरायचं. हरिश्चंद्रगडाजवळची टोलार खिंड अशी आहे. घाट चढून गेलात की पलीकडे तसा उतार नसतो, तुम्ही थेट देशावर येता. नकाशात हे स्वच्छ दिसतं. खिंडीच्या दोन्ही अंगांना समोच्च रेषांचे (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचे) आकडे कमी होत जातात. घाटात कोकणाच्या बाजूला त्या तपकिरी रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि माथा ओलांडला की एकदम विरळ होतात. म्हणून लडाखमधल्या खारदुंग लाला मराठीत खिंड म्हणणं योग्यच (तिबेटीत 'ला' म्हणजे खिंड), पण तोच शब्द सरसकट सह्याद्रीला लावला तर भूगोलच बदलतो.

नाळ मात्र घाटात मिसळू नका. बोराट्याची नाळ पाहिलेल्यांना सांगायला नको: पाण्याने कोरलेली, धोंड्यांनी भरलेली उभी घळ.

आणखी एक. इंग्रजांनी अख्ख्या डोंगररांगेलाच घाट म्हटलं आणि 'पश्चिम घाट' हे नाव तिथून आपल्याकडे परत आलं. तुमच्या टिपणात रांगेला सह्याद्री म्हणा, घाट हा शब्द वाटेसाठी राखून ठेवा. नवख्यांचा घोटाळा नको असेल तर नावापुढे कंसात 'पायवाट' लिहा.