मुंबईच्या फर्मचा जास्त पगार घ्यावा, की रत्नागिरीत कमी पैशांत वकिली करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : एलएलबी झालं, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात आली. मुंबईतली एक लॉ फर्म महिना ६० हजार देतेय, पण तिथली तुमची मैत्रीण रात्री अकराच्या आत घरी पोचत नाही. इकडे रत्नागिरीत एक सिनिअर १२ हजार देतो म्हणतायत. पुढे न्यायाधीशाची परीक्षाही द्यायची आहे. आई म्हणते घरी राहा, मित्र म्हणतात वेडेपणा करू नका.

मी काही वर्षं मुंबईत फर्ममध्ये होते, आता कुडाळला प्रॅक्टिस करते. माझं मत आधीच सांगते : रत्नागिरीत राहा, पण १२ हजारांवर नाही.

मुंबईचा पगार तासांनी भागला की काहीच उरत नाही, असं बरेच जण सांगतील. तसं होत नाही. लोकलचा प्रवास धरून दिवसाचे १३ तास आणि महिन्याचे २६ दिवस धरा, म्हणजे ३३८ तास. भाडं आणि खाण्यापिण्याचे २५ हजार वजा केले तरी तासाला शंभरच्या वर राहतात. रत्नागिरीत ८ तासांनी २०८ तास होतात आणि १२ हजारांचे तासाला अठ्ठावन्न पडतात. पैशांत मुंबईच पुढे आहे, हे मान्य करूनच पुढचा विचार करा.

प्रश्न वेळ कोणाच्या हातात आहे, हा आहे. फर्ममध्ये संध्याकाळी सातला मेल यायचा, उद्या सकाळी दहाला ड्राफ्ट हवा. गौरी-गणपतीला गावी आले तरी माजघरात आरती चालू आणि मी पडवीत लॅपटॉप मांडीवर घेऊन करारातली कलमं तपासतेय. आई हाक मारायची, मी ‘आले आले’ म्हणायचे आणि आरती संपून जायची. पुढे पुढे काम नसलं तरी रात्री दोनला जाग यायला लागली आणि हात आधी फोनकडे जायचा. डॉक्टरांनी गोळी दिली, पण संध्याकाळी सातचा मेल गोळीने थांबत नाही.

म्हणून कोकणात सगळं निवांत आहे असं समजू नका. इथे अशील रविवारी सकाळी थेट घरी येतो, चहा घेतल्याशिवाय विषयाला हात घालत नाही. समोरच्या पक्षकारात आपलाच कोणी नातेवाईक निघतो. फी काजूची बी विकली गेली की मिळते, तोवर ‘देतो ना, कुठे पळून जातोय’. कमी पैशांचा ताण हाही ताणच असतो. पेट्रोलसाठी वडिलांकडे हात पसरताना पंचविशीतल्या माणसाला काय वाटतं ते मी माझ्या ज्युनिअरांच्या चेहऱ्यावर बघितलंय. म्हणून मी माझ्या दोन्ही ज्युनिअरांना ठरलेल्या तारखेला पैसे देते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेने, ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनिअरला शहरी भागात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं सुचवलं. ही शिफारस आहे, सक्ती नाही. तरी बोलताना ती हाताशी ठेवा. ‘सर, पंधरा द्या, सहा महिन्यांनी काम बघून पुढचं ठरवू, आणि माझी स्वतःची छोटी मॅटर्स चालवायची मुभा द्या,’ एवढं सरळ बोला. यावर जे सिनिअर चिडतात, त्यांच्याकडे शिकायलाही फारसं मिळत नाही.

कारण इथलं शिकणं खरोखर मोठं आहे. एका वाटपाच्या दाव्यात सातबारावर पणजोबांच्या काळापासूनची नावं, निम्मे वारस मुंबईत, दोघांचा पत्ताच नाही. वंशावळ कागदावर मांडायलाच माझ्या ज्युनिअरला आठवडा लागला. फेरफार, म्हणजे जमिनीच्या नावांतल्या बदलांच्या नोंदी, काढायला तलाठ्याकडे तीच गेली, कैफियतीचा, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराचा, पहिला मसुदा तिचाच, आणि एका साक्षीदाराचा उलटतपासही तिनेच घेतला. फर्ममध्ये त्या वयात मी कोर्टात तोंडही उघडलं नव्हतं. कुळकायदा, वहिवाटीचे वाद, महामार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला, काम भरपूर आहे. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालंय आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्यातच येतात. अपिलासाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची गरज उरली नाही. आंबा घाट चढून हायकोर्टाचं काम करता येतं. तुमच्या पिढीला हे आयतं मिळतंय.

परीक्षेचंही बघा. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ ला कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. त्यासाठी तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा दाखला लागतो, किंवा दहा वर्षं झालेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर त्या अधिकाऱ्याची सही. रोज त्याच कोर्टात उभं राहणाऱ्याला हे सोपं जातं. फर्मचं पत्र येईल त्यात नीट वाचा : रिटेनरशिप, म्हणजे नोकर न होता ठरलेल्या फीवर काम, आहे की पूर्णवेळ पगारी नोकरी? पगारी नोकरी असेल तर सनद स्थगित करावी लागते आणि ती वर्षं वकिलीत धरली जात नाहीत.

शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल तर मात्र माझं मत बदलतं. मग मुंबईला जा, दोन वर्षांची मुदत आत्ताच घरच्यांसमोर ठरवा आणि फर्मला मुलाखतीतच विचारा की तुमच्या टीममधून गेल्या वर्षी किती जण सोडून गेले. उत्तर टाळलं तर समजून घ्या. आणि तिथे झोप, भूक, कोणाशी बोलावंसं वाटणं, हे आठवडेच्या आठवडे जायला लागलं तर वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

सिनिअरांशी बोलणं झालं की खाली लिहा, आणि हप्ता असेल तर तो किती तेही कळवा. त्यावरून पुढचा हिशोब मांडून देते.