‘इटरेट’ म्हणजे पुनरावृत्ती नव्हे

सांगलीत संगणकशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: “इंग्रजीतल्या ‘इटरेट ओव्हर द कीज’चं भाषांतर एका मराठी पाठात ‘कळींवर पुनरावृत्ती करा’ असं वाचलं. ते बरोबर आहे का? आणि यादी, संच, कोश या सगळ्यांना एकच शब्द चालेल का?”

बरोबर नाही. तीन शब्दांत दोन चुका आहेत, आणि दोन्ही हल्ली सारख्या कानावर येतात.

‘कळ’ दाबायची असते. कळफलकावर ती शोभते. कोश म्हणजे एकेका नावामागे एकेक ऐवज ठेवणारी रचना; त्यात आपण काही दाबत नाही. ‘हळद’ हा शब्द पुढे करतो आणि त्यामागे ठेवलेला बाजारभाव बाहेर काढतो. हे काम किल्लीचं. किल्ली आली ‘कील’वरून, खिळा आणि खीळ तिच्याच घरातले. जत तालुक्यातल्या कन्नड घरांत ‘कीली’ म्हणतात ती हीच. कन्नडने कळफलकालाही ‘कीलिमणे’ म्हटलं. मराठीकडे दोन शब्द आहेत, तर दोन कामांना दोन वापरावेत. ‘चावी’ म्हणालात तरी माझी हरकत नाही. ती पोर्तुगीजांकडून आली म्हणून तिला परकी ठरवणाऱ्यांनी आधी कुलपाकडे बघावं. ‘कुलूप’ हा अरबी ‘कुफ्ल’. मराठीत येताना त्यातल्या फ आणि ल यांनी जागा बदलल्या. आणि जावा भाषेतल्या ‘कीसेट’ला, म्हणजे कोशातल्या सगळ्या किल्ल्यांच्या संचाला, नवा शब्द घडवत बसू नका. माझी आजी तो कमरेला खोचून वावरायची: जुडगा. देवघर, कोठी, दुभत्याचं कपाट, प्रत्येकाची किल्ली वेगळी आणि सगळ्या एका कडीत. कोठीची किल्ली काढताना ती आधीच्या दोन किल्ल्या बोटाने मागे सारायची, न बघता.

आता खरी चूक, ‘पुनरावृत्ती’. पुनरावृत्ती म्हणजे तेच पुन्हा. सातचा पाढा दहा वेळा म्हटला तरी तो सातचाच राहतो. लूप म्हणजे एकेका घटकावर तीच कृती करत जाणारी आज्ञा. जुडग्यावरून लूप फिरतो तेव्हा कृती तीच असते, पण किल्ली दर वेळी दुसरी असते, आणि एकदा हातून गेलेली त्या फेरीत परत येत नाही. ‘पुनरावृत्ती’ वाचणाऱ्या मुलाला नेमकं उलटं समजतं.

आणि मूळ शब्दाच्या पोटातही ‘दुसरा’च बसला आहे! लॅटिन ‘इतेरुम’ म्हणजे पुन्हा, दुसऱ्यांदा. त्यावरून ‘इटरेट’. हा ‘इतेरुम’ आणि आपला ‘इतर’ सख्खे भाऊ आहेत. ‘इ’ हे दर्शक सर्वनाम, त्याला ‘तर’ हा दोहोंतला वेगळा दाखवणारा प्रत्यय. संस्कृतातल्या ‘अन्यतर’, ‘कतर’मध्ये तोच आहे, लॅटिन ‘अल्तेर’मध्ये आणि इंग्रजी ‘अदर’मध्येही तोच. म्हणजे ‘पुन्हा’ या अर्थाच्या आधी ‘हा नव्हे, दुसरा’ हा अर्थ होता. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लूपकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागलो: ही किल्ली झाली, आता इतर; ती झाली, आता इतर. एका व्याख्यानात मी ऐकलं की ‘इटरेट’ हा लॅटिन ‘इतेर’, म्हणजे प्रवास, यावरून आला. साफ चूक. तो ‘इतेर’ जाण्याच्या धातूपासूनचा, संस्कृत ‘एति’चा नातलग, त्यातून ‘इटिनररी’ निघाला. दिसायला सारखे शब्द एका वंशात बसवून टाकणं ही व्युत्पत्ती नव्हे.

मग मराठीत काय म्हणायचं? ‘आवर्तन’. सांगलीकरांना हा शब्द शिकवावा लागत नाही. म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटणार, हा मिरज पूर्वेपासून जतपर्यंत उन्हाळ्यातला पहिला प्रश्न असतो. ‘आवृत्ती’ आणि ‘आवर्तन’ दोन्ही ‘वृत्’ धातूचे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण आवर्तनाला ‘पुनः’ चिकटलेलं नाही. तो एक पूर्ण फेरा आहे, तबल्यावर तालाचा असतो तसा. आणि फेऱ्यातली एकेक पायरी म्हणजे ‘पाळी’. पाटबंधाऱ्याच्या कारभारात ‘शेजपाळी’ असा अस्सल शब्द पडून आहे: पाणी एका शेताचं झालं की पुढच्याला, ठरल्या क्रमाने. बहुधा टेलपासून हेडकडे, म्हणजे कालव्याच्या शेपटापासून मुखाकडे, कारण वरच्यांनी आधी घेतलं तर शेपटाला ओल पोचत नाही. क्रमाने फिरणाऱ्या लूपला याहून नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही, आणि परिभाषा घडवणाऱ्यांनी तो उचलला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

राहिले तुमचे यादी, संच आणि कोश. पायथनमध्ये कोशावर साधा ‘फॉर’ लावला की किल्ल्या हाती येतात. यादीवर लावला की आतला ऐवज येतो, स्थानांक, म्हणजे कितवा ते सांगणारे आकडे, हवे तर ‘एन्यूमरेट’ मागावं लागतं. जावास्क्रिप्टचा ‘फॉर-इन’ किल्ल्या देतो आणि यादीचे स्थानांकही मजकूर म्हणून देतो. ‘फॉर-ऑफ’ ऐवज देतो, पण ‘मॅप’वर, म्हणजे तिथल्या कोशावर, किल्ली-ऐवजाच्या जोड्या. संचात किल्ली आणि ऐवज एकच. आवर्तन या सगळ्यांना चालेल. शेजपाळी मात्र क्रम पाळणाऱ्यांनाच: यादीला, आणि पायथनच्या कोशाला, कारण 2018 च्या 3.7 आवृत्तीपासून तिथे घातल्याचा क्रम राखण्याची हमी आहे. गो भाषेतल्या ‘मॅप’चा क्रम दर फेरीला बदलू शकतो. तिथे आवर्तन म्हणा, शेजपाळी म्हणू नका.